तेरडा कुंडीत लावायचा तर गौरीपासून उलटं मोजा

दरवर्षीचा आमचा क्रम ठरलेला. गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशी दादरला जायचं, तेरड्याची जुडी घ्यायची आणि मुलुंडपर्यंत लोकलच्या गर्दीत ती डोक्यावर धरून उभं राहायचं. घरी पोचेपर्यंत निम्मी फुलं गळलेली. सासूबाई उरलेल्या काड्यांकडे बघायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "गौर दमून आली गं." त्यांचं माहेर अलिबागकडचं. तिथे तेरडा कुणी लावत नाही. पाऊस पडला की बांधावर, परसात, गडग्याच्या कडेला तो आपला आपण उगवतो. उपटायचा, मुळं धुवायची, झाली गौर. मुळं महत्त्वाची, कारण तीच गौरीची पावलं.

मग एका वर्षी ठरवलं, गॅलरीतच लावू. तेही कधी, तर ऑगस्टमध्ये, बाजारात जुड्या दिसायला लागल्यावर. रोपं छान आली. फुलंही आली, पण ऑक्टोबरमध्ये, गौरी जाऊन महिना झाल्यावर. उन्हाचा चटका सुरू झाला होता, रोपं वीतभर उंचीवरच फुलून मोकळी झाली.

तेरडा हे पावसाळ्यापुरतं झाड आहे. रुजणं, वाढणं, फुलणं, बी उडवणं आणि मरणं, सगळं चार-पाच महिन्यांत. गुलाबाची छाटणी लांबली तर पुढच्या महिन्यात करता येते. तेरड्याचा एक महिना चुकला तर वर्ष गेलं. खत, माती, ऊन सगळं नंतर. आधी कॅलेंडर काढा.

तारीख कशी काढायची

बी पेरल्यापासून पहिलं फूल साधारण सात-आठ आठवड्यांत दिसतं. रोप अंगभर फुलायला आणखी दोन आठवडे. म्हणजे हिशेब ७० दिवसांचा. गौरी आवाहनाच्या तारखेपासून ७० दिवस मागे जायचं. गौर अनुराधा नक्षत्रावर येते, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. २०२४ साली आवाहन १० सप्टेंबरला होतं, म्हणजे पेरणी २ जुलैच्या आसपास. २०२५ साली ३१ ऑगस्टला, म्हणजे पेरणी २२ जूनला. २०२६ मध्ये अधिक महिना आल्यामुळे आवाहन १७ सप्टेंबरला, म्हणजे पेरणीला ९ जुलैपर्यंत सवड.

मी दोन हप्त्यांत पेरते. एक हप्ता ठरलेल्या तारखेला, दुसरा त्याच्या दहा-बारा दिवस आधी. मुंबईत मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनच्या सुमारास पोचतो खरा, पण त्या सरासरीवर रोपांनी विश्वास ठेवू नये. आधीचा हप्ता उन्हाच्या तडाख्यात सापडला तर नंतरचा असतो, आणि दोन्ही जगले तर शेजारी वाटायला होतात.

गौर बसवत नसाल तर एवढं काटेकोर राहायची गरज नाही. जूनच्या पहिल्या पावसापासून जुलैच्या मध्यापर्यंत केव्हाही पेरा.

बी कुठून आणायचं

इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. नर्सरीत जाऊन 'टच-मी-नॉट' मागितलंत तर लाजाळू हातात पडेल. 'इंपेशन्स' मागितलंत तर चपट्या, टवटवीत फुलांची रोपं दाखवतील. ती बहुतेक मूळची पूर्व आफ्रिकेतली. देखणी आहेत, पण तेरडा नव्हेत. 'बाल्सम' म्हटलंत तर पाकिटातलं बी मिळेल. तो तेरडाच, इंपेशन्स बाल्समिना, पण बहुधा डबल पाकळ्यांचा, गुलाबासारखा गच्च भरलेला. ओळख सोपी आहे. तेरड्याचं पान लांबट, भाल्यासारखं, कडेला करवतीचे दाते असलेलं. फूल शेंड्यावर नाही, पानाच्या बेचक्यात, खोडाला चिकटून.

मला स्वतःला डबल तेरडा आवडत नाही. जास्तीच्या पाकळ्यांच्या गर्दीत मधमाशीला आत शिरायला वाट राहत नाही, आणि दिसायला तो मांडवातल्या कागदी फुलासारखा दिसतो. साधा, एकेरी, गुलाबी-जांभळा रानतेरडा हवा असेल तर त्याचं बी तुमच्या घरी दरवर्षी येतं आणि तुम्ही ते विसर्जन करता. गौरीच्या जुडीत खालच्या बाजूला फुगलेली हिरवी बोंडं असतात. बहुतेक कोवळी असतात, पण एखाददुसरं पिकायला आलेलं सापडतं. जुडी घरी आली की आधी तीच बघा. पिकत आलेलं बोंड असलेली काडी वर्तमानपत्रात सैल गुंडाळून ठेवली की चार दिवसांत कागदात बी सांडलेलं मिळतं. दहा बिया पुष्कळ झाल्या.

गावी कुणी असेल तर प्रश्नच नाही. मात्र बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून बी किंवा रोप आणू नका. कान्हेरीच्या वाटेवर पावसाळ्यात हात लावावासा वाटेल असं बरंच काही असतं, पण तिथून काहीही तोडून नेणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. कासच्या पठारावरून चिमूटभर बी आणण्याचा विचार तर सोडूनच द्या. तिथे जांभ्यावरच्या बोटभर मातीत गालिचा पसरणारे तेरडे निराळ्या जातींचे आहेत. मुंबईच्या दमट गॅलरीत ते तग धरणार नाहीत. तुमच्या हाती काही लागणार नाही आणि पठाराचं मात्र जाईल.

कुंडी आणि माती

एका रोपाला आठ इंची कुंडी पुरते. बारा इंचीत तीन रोपं. ग्रिलमध्ये ठेवायचे ते दोन फुटी लांबट ट्रे असतात ना, त्यात चार, फार तर पाच. खोलीपेक्षा भोकं महत्त्वाची. बाजारातल्या प्लास्टिक कुंडीला तळाशी दोन-तीन भोकं असतात. मी गरम सळईने आणखी चार पाडते.

मुंबईत नर्सरीवाले जी लाल माती गोणीत भरून देतात, ती नुसती वापरलीत की पहिल्या दोन पावसांत तिचा लादीसारखा थर बसतो. दोन भाग लाल माती, एक भाग जाड रेती, एक भाग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, असं मिसळा. रेती बांधकामाच्या दुकानातून आणा. ती धुऊन घ्या. जुहूची किंवा चौपाटीची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका, तिच्यात मीठ असतं. कोकोपीट या मिश्रणात मी मुद्दाम टाकत नाही. ते पाणी धरून ठेवतं, आणि जुलैत आपल्याला नेमकं उलट हवं असतं.

भरलेल्या कुंडीत लोटाभर पाणी ओतून बघा. मिनिटाभरात खालून धार लागली पाहिजे. वर तळं साचलं तर सगळं उपसून आणखी रेती घाला. आळस करू नका, ही एक पायरी चुकली तर पुढचं काहीही उपयोगाचं नाही.

कुंडीखालच्या बश्या जूनमध्येच काढून माळ्यावर टाका. त्यांत साचलेल्या पाण्यात डेंगीचे डास वाढतात, पालिकेची माणसं तपासायला येतात तेव्हा आधी त्याच बघतात, आणि तेरड्यालाही त्या मारक. माझी दुसऱ्या वर्षीची रोपं बश्यांनीच मारली. खोड मातीला टेकतं तिथे आधी काचेसारखं पारदर्शक झालं. वाटलं, तेरड्याचं खोड पाणीदारच असतं. दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी पट्टा, तिसऱ्या दिवशी अख्खं रोप आडवं. वरची पानं तेव्हाही हिरवीगार होती.

पेरणी ते पुनर्लागण

दह्याच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडा, तेच मिश्रण चाळून भरा, ओलं करा. बी मोहरीपेक्षा थोडं मोठं, काळपट तपकिरी, गोल. एकेक बी बोटभर अंतरावर ठेवा आणि वरून चाळलेल्या मातीचा अगदी पातळ थर द्या, बी जेमतेम झाकेल एवढाच. डबा छज्ज्याखाली ठेवा. कोसळत्या पावसात ठेवलात तर बी उसळून कुठल्या कुठे जातं.

पाच ते आठ दिवसांत दोन गोलसर, जाड दळं, म्हणजे बियांतलीच पानं, वर येतात. त्यांच्यामधून दातेरी पानांची पहिली जोडी आली की ओळख पटते. चार खरी पानं आली, म्हणजे साधारण तिसऱ्या आठवड्यात, की रोप मोठ्या कुंडीत हलवायचं. संध्याकाळी हलवा. खोड धरू नका, चिमटीत चेपतं. मातीच्या गोळ्यासकट चमच्याने उचला. दोन रोपांत १५ ते २० सेंटीमीटर अंतर ठेवा.

या टप्प्यावर मन घट्ट करून जास्तीची रोपं काढून टाकावी लागतात. आठ इंची कुंडीत पाच रोपं ठेवून मी एकदा पाहिलं आहे. पाचही उंच, सडसडीत, पांढुरकी वाढली आणि एका वाऱ्यात एकमेकांच्या अंगावर पडली. काढलेली रोपं फेकवत नसतील तर इमारतीच्या आवारात लावा. पण माळ्याला दाखवून ठेवा. मी न सांगता कुंपणाच्या कडेला दहा रोपं लावली होती. सोसायटीच्या साफसफाईत ती गवत म्हणून साफ झाली. तक्रार तरी काय करणार, दिसायला ती गवतातच जमा होती.

ऊन, पाणी आणि छज्जा

तेरड्याला सकाळचं तीन-चार तास ऊन असेल तर उत्तम. पूर्वेची खिडकी आदर्श. पावसाळ्यात मुंबईत ऊन आठ-आठ दिवस दिसत नाही, त्यामुळे घरातली सर्वांत उजेडाची जागा तेरड्याला द्या. मनी प्लांटची सावलीतली जागा त्याला चालत नाही. पश्चिमेच्या ग्रिलमध्येही येतो, फक्त वाऱ्याच्या झोताला काडीचा आधार द्यावा लागतो.

पाण्याबद्दल मुंबईकरांची फसगत कशी होते ते सांगते. बाहेर धो धो पडतंय, एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, आणि आपल्या गॅलरीतली कुंडी कोरडी ठणठणीत. कारण वर छज्जा. माझ्या ग्रिलमध्ये बाहेरच्या रांगेतल्या कुंड्या पाण्याने गळत असतात आणि त्यांच्याच मागची रांग माना टाकून बसलेली असते, मध्ये अंतर हातभर. म्हणून पाऊस बघून पाणी देणं किंवा न देणं ठरवू नका. बोटाचं पेर मातीत घाला. ओलं लागलं तर हात काढून घ्या, कोरडं लागलं तर बुडाशी पाणी घाला, पानांवर नाही.

मान टाकणं दोन प्रकारचं असतं. दुपारी पानं लोंबली आणि माती कोरडी असली तर पाणी दिल्यावर तासाभरात रोप ताठ होतं. माती ओली असूनही लोंबली असतील तर मुळं गुदमरली आहेत. तेव्हा पाणी घालणं म्हणजे बुडत्याच्या तोंडात तांब्या ओतणं. कुंडी आडोशाला घ्या, माती काडीने उकरून भुसभुशीत करा आणि दोन दिवस हात लावू नका.

खत फारसं नको. पुनर्लागणीनंतर तीन आठवड्यांनी कुंडीला मूठभर गांडूळखत, बस. शेजारच्या काकूंनी प्रेमाने दर आठवड्याला शेणपाणी घातलं होतं. त्यांचा तेरडा कमरेएवढा झाला आणि फुलं मोजून सात.

शेंडा खुडायचा का? खुडला तर फांद्या फुटतात, पण फुलं लांबतात. गौरीसाठी हवा असेल तर खुडू नका.

कोण कोण खायला येतं

गोगलगाई रोप लहान असताना एका रात्रीत शेंडा संपवतात.  रात्री दहानंतर टॉर्च घेऊन वेचायच्या. कबुतरं रोपं खात नाहीत, पण मऊ माती दिसली की बसकण मारतात. पहिले तीन आठवडे कुंडीवर जुनी जाळी टाका. मावा आणि पिठ्या ढेकूण शेंड्याला आणि पानाच्या बेचक्यात दिसले तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. नाहीच गेले तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारायचं. सप्टेंबरअखेर पानांवर पीठ सांडल्यासारखी भुरी येते. तोपर्यंत रोपाचं काम झालेलं असतं. पानं तोडून टाका, फार जिवाला लावून घेऊ नका.

आणि एक पाहुणी. काळपट अंग, बाजूला पिवळसर डोळ्यांसारख्या ठिपक्यांची ओळ, शेपटीला एक काटा, आणि चालताना तो काटा मागेपुढे हलतो. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी किंचाळले होते. ही हॉक मॉथ नावाच्या पतंगाची अळी. तेरडा तिचं हक्काचं अन्न आहे. ती चावत नाही, काटा टोचत नाही, पण दोन दिवसांत एक अख्खं रोप निष्पर्ण करते. मी एक कुंडी तिच्या नावाने सोडते. सापडली की उचलून तिथे ठेवायची. गॅलरीत इथलं झाड लावलं तर इथले खाणारेही येणार. ते येऊ नयेत असं वाटत असेल तर प्लास्टिकची फुलं बरी.

तीन दिवसांचा रंग

'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण एका फुलापुरती खरी आहे, झाडापुरती नाही. फूल दोन-चार दिवसांत गळतं, पण झाड खालून वर उमलत जातं आणि पाच-सहा आठवडे रंग राहतो.

एक उमललेलं फूल उलटं करून बघा. मागे शेपटीसारखी बारीक, वाकडी नळी दिसेल. मध तिथे असतो. आता फुलाच्या तोंडाशी, वरच्या बाजूला बघा. नव्या फुलात तिथे पांढुरकी टोपी असते, परागकोश एकमेकांना चिकटून झालेली. आत शिरणाऱ्या माशीच्या पाठीला तिचे पराग लागतात. मग ती टोपी गळून पडते आणि खालून हिरवं टोक उघडं होतं. तेच फूल आता दुसऱ्याचे पराग घ्यायला तयार. चहाचा कप हातात असताना एकाच रोपावर दोन्ही अवस्था शेजारी शेजारी बघता येतात.

गौरीसाठी रोप काढायचं तर आदल्या संध्याकाळी कुंडीला भरपूर पाणी द्या. सकाळी बुडाशी धरून, माती सैल करत, सावकाश ओढा. मुळं बादलीत हलवून धुवा. खोडाचा बुडखा आणि मुळांचा लालसर रंग तेव्हा नीट दिसतो. पूजेपर्यंत मुळं पाण्यात बुडवून ठेवली तर फुलं टिकतात. घरच्या तेरड्याची पहिली गौर आली त्या वर्षी सासूबाईंनी मुळं दोनदा धुतली. बोलल्या काही नाहीत. मग आतून चांदीची वाटी काढून आणली, जी दिवाळीलाही निघत नाही.

सगळी रोपं मात्र उपटू नका. सर्वांत जोमदार दोन बियाण्यासाठी राखा. हा नियम मोडायचा मोह दरवर्षी होतो, कारण गौरीला चांगलंच रोप द्यावंसं वाटतं.

बी धरणं

बोंड लवदार, दोन्हीकडे निमुळतं, मध्ये फुगीर. गडद हिरव्याचं पोपटी-पिवळसर झालं आणि आतल्या बियांचे उंचवटे बाहेरून जाणवायला लागले की ते तयार. आता घाई त्याला असते. नुसता धक्का लागला की पाच पाकळ्या आतल्या आत गुंडाळत फुटतात आणि बी उडतं. शास्त्रज्ञांनी तेरड्यांच्या या गटाला ठेवलेल्या 'इंपेशन्स' या नावाचा अर्थच मुळी उतावीळ. मुंबईच्या गॅलरीत हे बी थेट खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातं. म्हणून बोंड पूर्ण मुठीत घ्या आणि मग दाबा. तळहातावर सुरवंट वळवळल्यासारखी गुदगुली होते आणि मूठ उघडली की गुंडाळलेली हिरवी साल आणि बिया. लहान मुलांना हे काम द्या. फक्त कच्ची बोंडं फोडू देऊ नका, त्यांतलं पांढरं बी रुजत नाही.

रोज हात फिरवणं जमत नसेल तर पातळ मलमलीची छोटी पिशवी बोंडांवर सैल बांधा.

बी आठवडाभर सावलीत, पंख्याखाली वाळवा. कागदी पाकिटात घाला, वर साल आणि फुलाचा रंग लिहा, आणि पाकीट तांदळाचे चार दाणे टाकून स्टीलच्या डब्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत मुंबईची हवा ओलावा धरते आणि बुरशी येते. रंगाची हमी मात्र धरू नका. माश्या एका रंगावरून दुसऱ्यावर जातात, त्यामुळे पांढऱ्याचं बी पुढच्या वर्षी गुलाबीही निघू शकतं.

तेरडा नको असेल पण पावसाळी रानफूलच हवं असेल, तर कुरडू लावा. त्याचं सगळं वेळापत्रक याहून सैल आहे आणि कोवळ्या पानांची भाजी होते ती वेगळी. सोनकी जमते, पण तिला डोंगरउतारावरचा वारा आवडतो. सीतेची आसवं कुंडीत करायला जाऊ नका. ती कीटकभक्षी असते, झिरपत्या पाण्यातल्या चिमूटभर मातीवर जगते, आणि असं झिरपणं आपल्याकडे फक्त वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून होतं.

ऑक्टोबर संपता संपता रोप पिवळं पडेल, खोड पोकळ होऊन लवेल. पाणी बंद करा. वाळलं की मातीलगत कापा, मुळं आतच राहू द्या. ती कुंडी रिकामी समजून तिच्यात हिवाळ्याचा झेंडू लावू नका. मुठीतून निसटलेल्या बिया तिथेच पडलेल्या आहेत. वर जाळी टाका, कोपऱ्यात सरकवा, आणि खडूने कुंडीवर 'तेरडा, माती उपसू नये' असं लिहून ठेवा. आमच्याकडे हे मे महिन्यात एकदा पुन्हा लिहावं लागतं, कारण तोपर्यंत खडू पुसलेला असतो आणि कुणीतरी त्यात आंब्याची कोय खोचलेली असते.